नळी धुऊन ठेवणारे गेले, कचरा मात्र राहिला

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. विषय ई-सिगारेटचा आहे, पण 'व्यसन वाईट' हे सांगायला बसलेलो नाही. ते तुम्हाला माहीत आहे.

गेल्या काही महिन्यांत इनबॉक्समध्ये दोन प्रकारचे प्रश्न येतायत. पालक विचारतात, पोराच्या दप्तरात पेनासारखी रंगीत नळी सापडली, हिचं करायचं काय? आणि कुणी कॉलेजचा पोरगा, अर्थात नाव न सांगता, विचारतो की संपलेल्या नळीचे आतले भाग धुऊन ठेवले तर पुढे चालतील का? दोन्हींचं उत्तर दोन-दोन ओळींत देता येतं, आणि खाली देणारच आहे. पण हे भाग धुवायची, वाळवायची, डबीत जपून ठेवायची एक अख्खी रीत जगात होऊन गेली. ती का आली, का गेली आणि ती गेल्यावर काय झालं, हे समजलं की आपल्या गावच्या कचरा डेपोकडेही जरा वेगळ्या नजरेनं बघाल. म्हणून हा इतिहास.

सुरुवात फार मागून करू. धूर ओढायचं साधन साफ करून पुन्हा वापरायचं, यात नवीन काहीच नाही. आपल्या उपखंडात तंबाखू पोर्तुगिजांबरोबर आली आणि दख्खनेत लवकर रुजली. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला असद बेग नावाचा मोगल अधिकारी विजापूरहून परत गेला, तेव्हा त्याने अकबरापुढे तंबाखू आणि एक सजवलेली नळी ठेवली. बादशहाच्या हकिमाने तिथेच हरकत घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदीही घातली. बंदी कागदावर राहिली आणि हुक्का दरबारापासून चावडीपर्यंत पोचला.

हुक्क्याचं पाणी बदलायचं, नळी धुवायची, चिलमीतली राख झाडायची, यासाठी बड्या लोकांकडे हुक्काबरदार नावाचा स्वतंत्र नोकर असायचा. गरिबाची मातीची चिलीम. तिच्यात खडा, तोंडाशी ओलं फडकं. आतून काजळी धरली की तारेनं नाहीतर चिंधी ओढून खरवडायची, की झाली पुढच्या माणसासाठी तयार. तिकडे इंग्लंडात मातीच्या पांढऱ्या पाइपांची चलती होती. खानावळींमध्ये वापरलेले पाइप लोखंडी चौकटीत रचून विस्तवात भाजायचे. काजळी जळून जायची, पाइप पुन्हा पांढरा. मात्र हे पाइप इतके स्वस्त झाले की पुढे तुटला की फेक, असंच चाललं. आजही थेम्स नदीला ओहोटी लागली की चिखलात या पाइपांचे तुकडे सापडतात. तीनशे वर्षांपूर्वीचा कचरा आहे तो. पण माती होती, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता विजेवर चालणाऱ्या नळीकडे येऊ.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट या माणसाने १९६३ मध्ये 'बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेट'च्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६५ मध्ये पेटंट मिळालं. बॅटरीनं गरम होणारी, चवीची वाफ देणारी नळी. कल्पना चांगली होती, पण बाजारात कुणी हात लावला नाही. चाळीसेक वर्षं ती कागदावर पडून राहिली.

मग चीनमधला औषधशास्त्राचा माणूस होन लिक. स्वतः जबरदस्त सिगारेट ओढणारा, आणि वडील फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेलेले. त्याने २००३ मध्ये पेटंट नोंदवलं आणि २००४ पासून ही वस्तू चीनमध्ये विकायला लागली. कंपनीचं नाव पुढे 'रुयान' ठेवलं, अर्थ साधारण 'धुरासारखं'. २००६-०७ पर्यंत माल युरोप-अमेरिकेत पोचला. २०१३ मध्ये ही पेटंटं इम्पिरियल टोबॅको या सिगारेट कंपनीने साडेसात कोटी डॉलरला घेतली. म्हणजे सिगारेटला पर्याय म्हणून निघालेली वस्तू दहा वर्षांत सिगारेटवाल्यांच्याच तिजोरीत गेली.

त्या पहिल्या काळातल्या नळीचे तीन भाग असत. एक बॅटरी, दिसायला सिगारेटच्या पांढऱ्या भागासारखी. दुसरा ॲटमायझर, म्हणजे आत बारीक तारेची गुंडाळी असलेला, द्रव तापवून वाफ करणारा भाग. तिसरं कार्ट्रिज, तोंडात धरायचं टोक. त्यात कापसासारखा कृत्रिम धागा भरलेला आणि तो द्रवानं भिजलेला. द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चव आणि निकोटीन. तीनही भाग आट्यांवर फिरवून एकमेकांना जोडायचे.

खरी अडचण मधल्या भागाची. ग्लिसरीन आणि गोडवा तारेवर जळून बसायचा. आपल्याकडे दुधाच्या पातेल्याला खालून लागतं ना, तसाच थर. आठवड्या-दोन आठवड्यांत वाफ कमी, चव करपट. नवा भाग परदेशातून टपालानं मागवावा लागायचा, यायला आठवडे लागायचे. त्यामुळे ब्रिटन-अमेरिकेतल्या वापरणाऱ्यांनी जे कुणीही शहाणा माणूस करेल तेच केलं. धुवायला घेतलं.

आधी जोरात फुंकून आतला उरलेला द्रव बाहेर काढायचा. मग गरम पाण्यात बुडवायचं. त्यानं भागलं नाही तर व्होडकासारख्या कडक, बिनरंगाच्या दारूत रात्रभर भिजत ठेवायचं. सकाळी पुन्हा पाणी, मग कागदी रुमालावर दिवसभर वाळवण. काही जण शेवटी द्रव न घालता तो भाग बॅटरीला जोडून क्षणभर-क्षणभर तापवायचे. तार लाल व्हायची आणि थर जळून राख व्हायचा. म्हणजे इंग्लंडातल्या खानावळीत पाइप भाजायचे, तीच युक्ती तीनशे वर्षांनी बॅटरीवर.

कार्ट्रिजमधल्या कापसाचं तर विचारू नका. तो धागा धुऊन, पिळून, वाळवून परत भरायचे. तो गेला की त्याच्या जागी माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा निळा स्पंज कापून घालायचे. कुणी चहाच्या पुडीचा कागद गुंडाळून घातला. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात. तिकडचे लोकही काही कमी जुगाडू नाहीत, एवढंच यावरून कळतं.

२०१० नंतर आरपार दिसणारी टाकी आली. आधी प्लॅस्टिकची, मग काचेची. आतली तार वेगळी काढून बदलता यायला लागली. आता धुण्याचं काम सोपं झालं. टाकी उघडायची, कोमट पाण्यात साबणानं धुवायची, रबराच्या बारीक रिंगा काढून बाजूला ठेवायच्या, सगळं वाळल्यावर जोडायचं. रिंग हरवली की टाकी गळते, म्हणून रिंगांची वेगळी डबी. पुदिना, बडीशेपेसारख्या चवींचा वास रबरात मुरतो, म्हणून त्या चवींची टाकी वेगळी. लिंबूवर्गी आणि दालचिनीच्या चवींनी तर प्लॅस्टिकच्या टाक्या चक्क तडकायच्या. जी चव प्लॅस्टिक तडकवते ती फुप्फुसाला काय करत असेल, हा प्रश्न तेव्हाही काहींनी विचारला होता.

मग पुढचा टप्पा आला तो स्वतःच तार वळणाऱ्यांचा. धातूची बैठक एकदाच घ्यायची, ती वर्षानुवर्षं टिकते. तार आणि कापूस मात्र स्वतः बदलायचा. या लोकांना ओहमचा नियम पाठ झाला. पूर्ण भरलेल्या लिथियम सेलमध्ये ४.२ व्होल्ट, तारेचा रोध ०.५ ओहम, म्हणजे ८.४ अँपिअर करंट. सेलला एवढा करंट झेपतो का, हे आधी बघायचं. दहावीत ज्यांनी हा धडा ऑप्शनला टाकला होता, ते व्यसनापायी मीटर घेऊन बसले!

बॅटरी साठवायचीही शिस्त होती. १८६५० नावाचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. हाच लॅपटॉपमध्ये, टॉर्चमध्ये, टेस्लाच्या पहिल्या गाड्यांत. बराच काळ वापरायचा नसेल तर तो अर्धवट चार्ज करून, थंड आणि कोरड्या जागी, प्लॅस्टिकच्या स्वतंत्र डबीत ठेवायचा. खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर टाकायचा नाही. ज्यांनी टाकला, त्यांच्या खिशात शॉर्टसर्किट होऊन मांड्या भाजल्याच्या घटना अमेरिका-ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांत नोंदल्या गेल्या आहेत. सेलवरचं रंगीत प्लॅस्टिकचं वेष्टन जरी फाटलं तरी तो सेल बाद.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणी म्हणेल पत्रकारानं कौतुक चालवलंय. धुतलेली नळी म्हणजे निरोगी नळी नव्हे. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी रोज वापरणाऱ्या ५६ जणांची उपकरणं तपासली. वाफेत शिसं, क्रोमियम, निकेल, मँगनीज सापडलं, आणि तापणाऱ्या तारेचा त्यात हात असल्याचं दिसलं. साबणानं थर निघतो, तार तीच राहते. निकोटीनचा द्रव कातडीतूनही अंगात शिरतो, त्यामुळे धुणाऱ्याचे हातही सुरक्षित नव्हते. आणि तेच पाणी घरच्या मोरीतून गटारात.

पण एक मान्य करावं लागेल. या लोकांना आपल्या हातातल्या वस्तूचे भाग माहीत होते. कुठला तापतो, कुठला गळतो, कुठला पेट घेऊ शकतो, हे ठाऊक होतं. वस्तूला किंमत होती, म्हणून ती कचऱ्यात जात नव्हती. २०१४ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशाने 'व्हेप' हा वर्षाचा शब्द ठरवला, तो या धुण्या-वाळवण्याच्या काळात.

मग हे सगळं बंद कसं पडलं?

बाजाराला हे परवडणारं नव्हतं. टाकी धुऊन पाच वर्षं वापरणारा गिऱ्हाईक कुठल्या कंपनीला हवा असतो? २०१५ मध्ये अमेरिकेत जूल आली. पेनड्राइव्हसारखी दिसणारी, आत भरलेली डबी खटकन बसवायची, संपली की फेकायची, नवी घ्यायची. धुवायला काही उरलंच नाही. शाळा-कॉलेजची मुलं हिच्यामागे लागली. जुन्या तीन भागांच्या नळीची कटकट पोरांना कधीच झेपली नसती. ती कटकट एका अर्थानं कुंपणच होतं. ते कंपनीनं काढून टाकलं.

२०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या गंभीर आजाराची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण हॉस्पिटलात दाखल झाल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली, त्यात ६८ मृत्यू. मुख्य संशय गांजाच्या अर्काच्या चोरट्या मालात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता. मुलांच्या वापराचा गाजावाजा चालूच होता. २०२० च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारनं डबी बदलायच्या उपकरणांतल्या बहुतेक फळांच्या-मिठाईच्या चवींवर कारवाई जाहीर केली. पण त्यात एक फट राहिली. अख्खं उपकरणच फेकायचं असेल, तर ते त्या यादीत नव्हतं. बाजारानं ती फट बरोबर हेरली. डबी बदलायची नाही ना? मग नळीच फेका.

इथून एकदाच वापरायच्या नळीचा पूर आला. बहुतांश माल चीनमधल्या शेनझेनचा. गंमत बघा, चीनने स्वतःच्या देशात तंबाखूखेरीज इतर चवींची विक्री १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केली. फळांच्या चवीची निर्यात चालूच राहिली.

आणि या फेकायच्या नळीत आत काय असतं? पुन्हा पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल. हो, तोच. लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फेकलेल्या नळ्यांमधले सेल काढून तपासले, २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. हे सेल शेकडो वेळा चार्ज होऊ शकतात, असं निघालं. नळीला फक्त चार्जिंगचं भोक दिलेलं नसतं. शेकडो वेळा चालणारी वस्तू मुद्दाम एकदाच चालेल अशी बनवायची आणि तिला गुलाबी-निळा रंग द्यायचा. आपल्या आज्यांनी दह्याचा प्लॅस्टिकचा डबाही धुऊन ठेवला, त्यांना हे सांगितलं तर त्या कपाळावर हात मारतील.

ब्रिटनमधल्या मटेरियल फोकस या संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये तिथे आठवड्याला १३ लाख अशा नळ्या फेकल्या जात होत्या. २०२३ मध्ये हा आकडा आठवड्याला जवळपास ५० लाखांवर गेला. वर्षाला ४० टनांहून जास्त लिथियम कचऱ्यात, म्हणजे साधारण ५,००० इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांना पुरेल एवढं. कचरागाडीत ओला-सुका सगळा माल यंत्राने दाबला जातो. सेल चेपला की आग. तिथल्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेनं आणि याच संस्थेनं मिळून सांगितलं की कचरागाड्या आणि कचरा केंद्रांवर बॅटऱ्यांमुळे वर्षाला १,२०० हून जास्त आगी लागतायत. यात सगळ्याच बॅटऱ्या आल्या, फक्त या नळ्यांच्या नव्हेत. पण कचऱ्यातली लिथियम बॅटरी काय करू शकते, हे त्यावरून कळतं.

शेवटी एकेक देश जागा झाला. ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २०२४ पासून आयात बंद केली. बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून विक्री बंद केली. त्यानंतर फ्रान्स. ब्रिटनने १ जून २०२५ पासून. ब्रिटनमध्ये आता विकायची असेल तर नळी चार्ज होणारी आणि पुन्हा भरता येणारी हवी, आणि जिथे तापणारी तार आहे तिथे ती बदलता यायला हवी. म्हणजे सरकारनं कायद्यानं लोकांना पुन्हा २०१० सालात नेलं! पण सवय गेलेली आहे. बाजारात लगेच तशाच दिसणाऱ्या, तळाला चार्जिंगचं भोक असलेल्या नळ्या आल्या. भोक असूनही लोक फेकतातच. धुऊन ठेवायची रीत एका पिढीनं मोडली की कायद्यानं ती लगेच परत येत नाही.

आता आपल्याकडे या.

भारतानं वेगळा रस्ता धरला. मे २०१९ मध्ये आयसीएमआरने संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने वटहुकूम काढला, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तो जाहीर केला. डिसेंबरमध्ये संसदेची मंजुरी पूर्ण होऊन कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.

आता इनबॉक्समधल्या त्या कॉलेजच्या पोरानं पुढचं नीट वाचावं. कायद्यात शब्द आहेत की अख्खं उपकरण असो की त्याचा कुठलाही भाग, बंदी दोन्हींना. म्हणजे जुन्या नळीची कॉइल, टाकी, बॅटरीचा भाग धुऊन मित्राला विकलास, तरी तो गुन्हाच. आणि साठ्याचं वेगळं कलम आहे. आपल्या ताब्यातल्या जागेत असा साठा माहीत असून ठेवू दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुना साठा असणाऱ्यांनी यादी करून तो सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावा, असंही कायद्यानं सांगितलं होतं. राहिला प्रश्न 'चालेल का' याचा. आज हातात येणारी नळी धुण्यासाठी बनलेलीच नाही. ती उघडायची म्हणजे सेल वाकवायचा, आणि तिला मोबाइलचा चार्जर जोडायचा म्हणजे घरात फटाका लावायचा. तेव्हा नाही, चालणार नाही.

बंदी बरोबर की चूक, यावर वाद घालता येतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. विडी, सिगारेट चौकात उघड विकायची आणि हे मात्र बंद, हा न्याय कुठला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. उलट बाजूनं, जूलनं अमेरिकेतल्या शाळांत जे केलं ते इथे व्हायच्या आत थांबवलं, हेही खरं. माझं मत विचाराल तर बंदीला माझा विरोध नाही. माझं म्हणणं दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे.

बंदीनं दुकान बंद झालं, कचरापेटी बंद झाली नाही.

चोरटा माल येतोच. मुंबई-पुण्यात पकडला जातो, बातम्या तुम्ही वाचता. तालुक्याच्या गावापर्यंतही तो येतो, हे आता लपलेलं नाही. आणि जो येतो तो सगळा फेकायचाच. बॅटरीच्या, ई-कचऱ्याच्या नियमांची मांडणी अशी आहे की ज्यानं वस्तू बनवली किंवा आयात केली, त्यानं ती वापरून झाल्यावर परत गोळा करायची जबाबदारी घ्यायची. पण या नळीचा कायद्याच्या दृष्टीनं कुणी उत्पादकच नाही, आयातदार नाही, दुकानदार नाही. मग परत कोण घेणार? ब्रिटनमध्ये निदान विकणाऱ्या दुकानाला जुनी नळी परत घ्यावी लागते. इथे ज्या टपरीवर गुपचूप विकली जाते, त्या टपरीवर 'काका, जुनी परत घ्या' म्हणून कोण जाणार?

पोरगं ती घरच्या डब्यात टाकणार नाही, आई बघेल. मग ती जाते गटारात, शाळेमागच्या झुडपात, नाहीतर घंटागाडीत कागदात गुंडाळून. तिथून डेपोवर. आमच्या गावातल्या एका भंगारवाल्याकडे मी वायरींच्या ढिगात अशा रंगीत नळ्या पाहिल्या. त्याला वाटलं खेळणं आहे. तांबं निघेल म्हणून हातोडीनं ठोकायच्या बाजूला ठेवल्या होत्या. कचरा वेचणाऱ्या बायका हातमोज्यांशिवाय हात घालतात, आणि थंडीत डेपोवर कचऱ्याला काडी लागते, हे आपण सगळे बघतो. आत उरलेला निकोटीनचा द्रव आणि चेपलेला सेल, दोन्हींची गाठ त्यांच्याशी पडते. धूर ज्यानं ओढला तो कधीचा पुढे निघून गेलेला असतो.

हुक्का साफ करणाऱ्या हुक्काबरदाराला निदान आपण काय धुतोय हे माहीत होतं, आणि त्याचा पगार मिळत होता. व्होडकात तार भिजवणारा गोरा माणूस स्वतःचंच व्यसन स्वतः धूत होता. आज ते काम आपोआप आपल्या गावातल्या सगळ्यात गरीब बाईकडे गेलंय, आणि तिला कुणी विचारलेलं नाही. थेम्सच्या चिखलातले पाइप मातीचे होते म्हणून तीनशे वर्षं निमूट पडून राहिले. लिथियम तसं पडून राहत नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी.

पालकांनो, नळी सापडली तर आधी पोराशी बोला, मारझोड नको. व्यसन लागलं असेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. नळी उघडू नका, ठोकू नका, धुऊ नका, चार्ज करू नका, जाळू नका. लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा कोरड्या जागी, इतर धातूच्या वस्तूंपासून वेगळी ठेवा आणि लवकरात लवकर घराबाहेर काढा. ओल्या-सुक्या कचऱ्यात मात्र टाकू नका.

भंगारवाले, घंटागाडीवाले आणि डेपोवरच्या मावश्यांना ही वस्तू दाखवा, फोटो दाखवा. 'यात बॅटरी आहे, ठोकू नका' एवढं एक वाक्य सांगा. त्यांच्यातले बरेच जण फेसबुकवर नाहीत, त्यामुळे हे काम तुम्हालाच करावं लागेल.

आणि तिसरी गोष्ट नगरपरिषदेसाठी. २०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की वापरलेल्या बॅटऱ्या, औषधं, रंगाचे डबे असा घरगुती घातक कचरा लोकांना आणून देता यावा म्हणून दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याहून छोट्या भागालाही एक जमा केंद्र असावं. आपल्या शहरात हे केंद्र कुठे आहे? पत्ता काय? वेळ काय? तिथे आलेली बॅटरी पुढे कुणाकडे जाते? पुढच्या सर्वसाधारण सभेत तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकानं हा प्रश्न विचारावा, म्हणून त्याला आजच फोन करा. मी लेखी अर्ज देतोय. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तरी टाकतो.

तुमच्या गावात असं केंद्र चालू असेल तर कमेंटमध्ये पत्ता लिहा. बाकीच्यांच्या उपयोगी पडेल.